पहिल्याच फेरीत घरी

३० ऑक्टोबर २०२२ च्या रात्री नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुलींच्या १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेन विरुद्ध कोलंबिया. ८२ व्या मिनिटाला कोलंबियाकडून स्वयंगोल झाला आणि स्पेनने १-० ने चषक नेला. हरलेल्या संघाच्या आघाडीत सतरा वर्षांची एक मुलगी खेळत होती. तिचं नाव लिंडा कैसेदो. अंतिम फेरीआधी मडगावच्या मैदानावर तिच्या संघाने नायजेरियाला पेनल्टींवर हरवलं होतं. म्हणजे आज जगातल्या सर्वांत धोकादायक फॉरवर्डमध्ये जिची गणना होते, ती मुलगी घडत असताना गोव्याने आणि महाराष्ट्राने समोरून पाहिली आहे.

त्याच स्पर्धेत यजमान म्हणून आपल्या मुलीही होत्या. पुण्याची काजोल डिसोझा त्या संघात होती. भुवनेश्वरला त्यांचे तीन सामने झाले: अमेरिकेकडून ८-०, मोरोक्कोकडून ३-०, ब्राझीलकडून ५-०. सोळा गोल खाल्ले, एकही करता आला नाही. तेव्हा वर्तमानपत्रांत आणि चहाच्या टपरीवर तीच नेहमीची कारणं ऐकू आली. आपल्या मुली उंचीला कमी पडतात, आहार कमी पडतो, रक्तातच तो खेळ नाही. मला ही कारणं तेव्हाही पटली नव्हती. आकडे नीट मांडून पाहिले तर दुसरंच काहीतरी दिसतं, आणि ते भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातून जास्त स्पष्ट दिसतं.

आधी कैसेदोचा हिशेब पाहू. २२ फेब्रुवारी २००५ चा तिचा जन्म, कोलंबियातल्या काली शहराजवळच्या वियागोरगोना या गावी. हा उसाच्या मळ्यांचा पट्टा. लहानपणी ती मुलांच्यात खेळली, कारण मुलींचा वेगळा संघ नव्हता. २०१९ मध्ये, चौदाव्या वर्षी, ती अमेरिका दे काली या व्यावसायिक क्लबकडून बायकांच्या लीगमध्ये उतरली आणि त्याच वर्षी तो क्लब विजेता झाला. पुढच्या वर्षी ती देपोर्तिवो कालीकडे गेली. पंधराव्या वर्षी तिला अंडाशयाचा कर्करोग झाल्याचं निघालं. शस्त्रक्रिया, उपचार, आणि २०२१ मध्ये पुन्हा लीगचं विजेतेपद. ऑगस्ट २०२२ मध्ये ती २० वर्षांखालील विश्वचषक खेळली, ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे १७ वर्षांखालील, आणि २०२३ च्या जुलैमध्ये मोठ्या बायकांचा. एका वर्षाच्या आत तीन विश्वचषक. नेरुळला ती आली तेव्हा तिच्यामागे मोठ्या बायकांच्या धक्काबुक्कीतले तीन मोसम होते. तिच्यासमोर उभ्या राहिलेल्या कित्येक मुलींच्या मागे शालेय स्पर्धांमधले मोजके सामने होते.

आता इकडे भंडाऱ्यात या. आमच्याकडे दिवाळीच्या आसपास धान कापून होतो. काही बांध्यांमध्ये उभ्या धानातच लाखोरी डाळ फेकलेली असते, तिथे कुणी पाऊल टाकत नाही. पण गावाजवळच्या उंच बांध्या रिकाम्या राहतात. जमीन सुकून भेगाळते, धसकटं बोटभर वर राहतात. अशा एका बांधीत तणसाचे दोन ढीग घालून गोल केलेला मी लाखनीच्या पुढे हायवेवरून जाताना पाहिला. आठ-दहा मुली, शाळेच्या गणवेशाच्या सलवारी घोट्याशी खोचलेल्या. चेंडू धसकटावर आपटला की कुठे उसळेल याचा नेम नाही. त्यातली एक मुलगी चेंडूकडे न बघता पुनःपुन्हा मागे, खांद्यावरून बघत होती. मी गाडी थांबवून तिलाच पाहत राहिलो. चेंडू तिच्याकडे यायच्या आधी तिला माहीत होतं की तिच्या पाठीशी किती जागा आहे.

फॉरवर्डचं निम्मं काम त्या मागे बघण्यात आहे. नव्वद मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायाशी चेंडू जेमतेम दोनेक मिनिटं असतो. उरलेला सगळा वेळ ती चेंडूशिवाय धावते, थांबते, फसवते. मोठ्या पातळीवर बायकांच्या सामन्यात एक खेळाडू साधारण दहा किलोमीटर पळते. ही धाव म्हणजे काय हे आमच्या भागात समजावून सांगायला कबड्डी पुरेशी आहे. चढाईला गेलेली मुलगी सरळ जाऊन कुणाला शिवत नाही. ती एका कोपऱ्याकडे झुकते, तिकडची खेळाडू पुढे सरकते, आणि त्याच क्षणी चढाईवाली दुसरीकडे हात टाकते. फॉरवर्डही आधी चेंडूकडे दोन पावलं येते. तिला धरून बसलेली बचावपटू तिच्यामागे ओढली जाते. मग फॉरवर्ड एकदम वळून बचावपटूच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत घुसते. कबड्डीत हाताने शिवणं सगळ्यात शेवटी येतं, फुटबॉलमध्ये गोलवर मारणं. त्याआधीची फसवणूक ज्याला दिसत नाही, त्याला फॉरवर्ड नुसती उभी आहे असं वाटतं.

यात ऑफसाइडचा नियम आला की काम आणखी नाजूक होतं. सहकारी ज्या क्षणी पास देते, त्या क्षणी पलीकडच्या अर्ध्या भागात असलेली फॉरवर्ड चेंडूच्याही पुढे असेल, आणि तिच्या नि गोलरेषेच्या मध्ये किंवा तिच्या ओळीत प्रतिस्पर्ध्यांचे किमान दोन खेळाडू नसतील, तर तिला त्या पासवर खेळता येत नाही. त्या दोघांत बहुतेक वेळा एक गोलकीपर असते, म्हणून व्यवहारात शेवटच्या बचावपटूच्या ओळीत राहायचं आणि पास सुटताक्षणी निघायचं. अर्धा सेकंद आधी निघाली तर झेंडा वर, अर्धा सेकंद उशिरा निघाली तर बचावपटू पुढे. हा अर्धा सेकंद फळ्यावर शिकवता येत नाही. पास देणाऱ्या मुलीचा खांदा कधी वळतो, ती मान कधी वर करते, हे शेकडो वेळा पाहून अंगात येतं. आणि समोर खरा प्रतिस्पर्धी असल्याशिवाय ते पाहायला मिळत नाही.

३० जुलै २०२३, सिडनी. कोलंबिया विरुद्ध दोनदा जग जिंकलेली जर्मनी. ५२ व्या मिनिटाला गोलच्या डाव्या बाजूला चौकटीत चेंडू कैसेदोच्या पायाशी आला, समोर दोघी. तिने चेंडू एकदा ओढला, एका झटक्यात दोघींच्या मधून आत शिरली, आणि उजव्या पायाने चेंडू वळवून लांबच्या वरच्या कोपऱ्यात घातला. कोलंबियाने तो सामना २-१ ने जिंकला आणि जर्मनीला पुढे गटातच घरी जावं लागलं. ती चित्रफीत मी कितीतरी वेळा पाहिली आहे. पायाची करामत तर आहेच, पण मला दरवेळी नवल वाटतं ते तिच्या न घाबरण्याचं. तिथे अंगावर दोन माणसं येणार हे तिला चौदाव्या वर्षापासून रोजचं होतं.

आता थोडं गणित, कारण माझं म्हणणं त्यातच आहे.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये गोलवर मारलेल्या साधारण दहा फटक्यांपैकी एक गोल होतो. चांगली फॉरवर्ड सामन्यात तीनेक फटके मारते असं धरू. मग एका सामन्यात तिचा एकही गोल न होण्याची शक्यता किती? दर फटक्याला नऊ दशांश, तीनदा गुणलं की सुमारे त्र्याहत्तर टक्के. म्हणजे चांगली, खरोखर चांगली फॉरवर्डही शंभरपैकी त्र्याहत्तर सामन्यांत कोरडी राहते. याउलट तिला चौदा सामने दिले, तर बेचाळीस फटक्यांत एकही गोल न होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास उतरते. एका सामन्यावरून फॉरवर्ड ओळखायला जाणं म्हणजे एका पावसावरून हंगाम सांगण्यासारखं आहे. बचावपटूचं इतकं होत नाही, ती एका सामन्यात वीस वेळा चेंडू अडवते आणि डोळ्यांत भरते. फॉरवर्डला मात्र स्वतःला दाखवण्यासाठी सगळ्यांत जास्त सामने लागतात.

आणि आपण तिला किती देतो? शालेय स्पर्धांची उतरंड सगळ्यांना ठाऊक आहे. तालुका, जिल्हा, मग आमच्यासाठी नागपूर विभाग, मग राज्य. जवळजवळ सगळं बाद पद्धतीने. सोळा संघ आले तर एकूण सामने पंधरा. त्यांतले आठ संघ पहिला सामना हरून दुपारीच एसटी पकडतात. आणखी चार संघ दुसऱ्या सामन्यानंतर. सोळांपैकी बारा संघांच्या मुलींना एक किंवा दोन सामने मिळतात, तेही वेळेअभावी अनेकदा आखूड केलेले. मुलींच्या फुटबॉलला तर पुष्कळदा सोळा संघ भरतच नाहीत. मग उरलेलं वर्ष शाळेत चेंडू कपाटात. तेच सोळा संघ एकमेकांशी एकेकदा खेळले असते तर एकशेवीस सामने झाले असते, दर मुलीला पंधरा. खर्चाचा फरक आहे हे मान्य, पण पंधरा आणि एकशेवीस यांच्यात अख्खी पिढी उभी आहे. त्या बांधीतली मागे बघणारी मुलगी अशा स्पर्धेत पहिल्या दिवशी गेली, तिचे दोन फटके बाहेर गेले, संघ हरला, तर तिची फॉरवर्ड म्हणून कारकीर्द तिथे दुपारी एक वाजता संपली. कुणी वाईट वागलं नाही. पद्धतच तशी आहे.

देशाच्या पातळीवरही हेच घडलं, फक्त मोठ्या आकारात. आज सांगितलं तर खरं वाटत नाही, पण १९८० च्या सुमारास कोझिकोडला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारतीय बायका उपविजेत्या होत्या. १९८१ मध्ये तिसऱ्या, १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेत्या. गोव्याच्या योलांडा डिसोझा त्या काळात भारताच्या फॉरवर्ड होत्या. चीन, जपान, कोरिया यांनी नंतर बायकांचा फुटबॉल मनावर घेतला आणि वर्षभर खेळू लागले. आपण खेळायचंच कमी केलं. २००९ च्या सुमारास तर अठरा महिन्यांहून अधिक काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळे भारतीय महिला संघाचं नाव फिफाच्या क्रमवारीतूनच काढलं गेलं होतं. हरल्यामुळे घसरणं वेगळं आणि न खेळल्यामुळे नाव निघणं वेगळं. त्या काळात वयाच्या विशीत असलेल्या फॉरवर्डनी काय करायचं होतं?

नशिबाने दिलेले फटकेही आहेत. १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात आधी २०२० मध्ये व्हायचा होता. कोविडमुळे तो पुढे गेला, मग रद्द झाला, आणि २०२२ चा आपल्याला मिळाला. तोवर २०२० साठी तयार केलेल्या मुली वयातून बाद झाल्या. २०२२ च्या जानेवारीत नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात मोठ्या बायकांचा आशियाई चषक झाला. भारताने इराणशी ०-० बरोबरी केली, दुसऱ्या सामन्याआधी संघात कोविड पसरला, उभे राहायला पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत आणि आपल्याच घरातल्या स्पर्धेतून आपण बाहेर पडलो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केलं. गोकुळम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या, त्या न खेळता परत आल्या.

इंडियन वुमेन्स लीग ही देशातली मुख्य लीग २०१७ च्या सुरुवातीला सुरू झाली, सहा संघांनी. बरीच वर्षं ती एका ठिकाणी, काही आठवड्यांत उरकली जायची. घरी एक, बाहेर एक असा खरा लीगसारखा आराखडा २०२३-२४ मध्ये आला. तेव्हा सात संघ होते, म्हणजे प्रत्येकाचे बारा सामने. २०२४-२५ मध्ये आठ संघ, चौदा सामने. सुरुवातीच्या वर्षांत कोल्हापूर सिटी आणि मुंबईचा केंकरे असे महाराष्ट्राचे क्लब या लीगमध्ये दिसायचे. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन मोसमांत मात्र पहिल्या फळीत महाराष्ट्राचा एकही क्लब नव्हता. म्हणजे विदर्भातल्या मुलीला मराठी बोलणाऱ्या ड्रेसिंग रूममध्ये बसून देशाची लीग खेळायची सोयच राहिली नाही. तिने ओडिशा, केरळ, बंगाल किंवा तमिळनाडूची वाट धरायची. अठरा वर्षांच्या मुलीला घरून परवानगी मिळवताना हे किती महागात पडतं, हे आमच्याकडच्या कुठल्याही घरात विचारून पाहा.

पैशाचंही सांगायला हवं. २०२३ मध्ये महासंघाने ठरवलं की पहिल्या फळीतल्या प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान तीन लाख वीस हजारांचा करार द्यावा. धानाच्या शेतकऱ्याच्या घरासाठी ही रक्कम लहान नाही, आणि पूर्णवेळ खेळाडूच्या आहार, बूट, दवाखान्यासाठी मोठीही नाही. शिवाय फॉरवर्डची एक खास अडचण आहे. क्लबला परदेशी खेळाडू घ्यायची मुभा असली की पहिली परदेशी खेळाडू बहुधा गोल मारणारी घेतली जाते. नेपाळची साबित्रा भंडारी, घानाची एलशदाई अचियाम्पोंग, युगांडाची फाझिला इक्वापुट, अलीकडच्या मोसमांत सर्वाधिक गोल यांचेच आहेत. फाझिलाने २०२४-२५ मध्ये एकटीने चोवीस गोल केले. त्यांच्याविषयी मला आदरच आहे, त्यांच्यामुळे लीगची पातळी वाढली. पण त्यामुळे भारतीय फॉरवर्ड कडेला ढकलली जाते, विंगवर नाहीतर बाकावर.

तरीही या भिंतीतून वाट काढलेल्या आहेत. मणिपूरची बाला देवी, राज्य पोलिसांत नोकरी करत खेळणारी, हिने २०१८-१९ च्या लीगमध्ये सव्वीस गोल केले आणि जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सने तिला दीड वर्षाचा करार दिला. युरोपात व्यावसायिक करार मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तेव्हा ती तिशीची होत होती. कैसेदोला चौदाव्या वर्षी जे मिळालं ते बालाला तिसाव्या वर्षी मिळालं, हे मला बोचतं. त्या डिसेंबरमध्ये मदरवेलविरुद्ध तिने रेंजर्ससाठी गोलही केला.

तिच्यानंतरची पंजाबच्या होशियारपूर जिल्ह्यातली मनीषा कल्याण थोडी लवकर निघाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्राझीलमधल्या मनौसला भारत ब्राझीलशी खेळला. पहिल्याच मिनिटाला ब्राझीलचा गोल झाला आणि आठव्या मिनिटाला मनीषाने बरोबरी साधली. सामना ६-१ ने हरलो, पण ब्राझीलविरुद्धचा तो गोल भारतीय फुटबॉलच्या वहीत कायमचा लिहिला गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोनकडून ती युएफा महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, असं करणारी पहिली भारतीय. पुढे ग्रीसचा पाओक, मग पेरूचा अलियान्सा लिमा. वीस ते चोवीस या वयात तीन देश. ज्योती चौहान आणि सौम्या गुगुलोथ या दोघी २०२२ मध्ये क्रोएशियाच्या दिनामो झाग्रेबकडे गेल्या. ज्योती आमच्या शेजारच्या मध्य प्रदेशातली, धार जिल्ह्यातली.

परदेशी जाण्याचं वय नियमाने बांधलेलं आहे. अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत, थोडे अपवाद सोडले तर, खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली करू नये असा फिफाचा नियम आहे. लहान मुलांची दलालांकडून पळवापळवी होऊ नये म्हणून. कैसेदो २२ फेब्रुवारी २०२३ ला अठरा वर्षांची झाली आणि दोनच दिवसांत रिअल माद्रिदने तिला घेतल्याचं जाहीर केलं. म्हणजे अठराव्या वाढदिवसाच्या आधीची सगळी वर्षं मुलगी जिथे जन्मली तिथेच घडायची असतात. झांबियाच्या रेचल कुंदनांजीचंही तेच. ती २०२४ च्या सुरुवातीला स्पेनमधून अमेरिकेच्या बे एफसीकडे गेली तेव्हा ती जगातली सर्वांत महाग महिला फुटबॉलपटू होती. २०२५ च्या जुलैमध्ये कॅनडाची वीस वर्षांची फॉरवर्ड ऑलिव्हिया स्मिथ लिव्हरपूलकडून आर्सेनलकडे दहा लाख पौंडांना गेली. आपल्या हिशेबाने साडेअकरा कोटी रुपयांच्या आसपास.

या रकमेतला एक छोटा तुकडा गावापर्यंत पोचू शकतो, आणि ही गोष्ट आपल्याकडच्या फारच थोड्या क्रीडाशिक्षकांना कुणी सांगितलेली असते. एका क्लबने पैसे मोजून दुसऱ्या क्लबची खेळाडू घेतली की त्या रकमेतले पाच टक्के तिला बाराव्या ते तेविसाव्या वर्षांपर्यंत घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायचे, असा फिफाचा नियम आहे. बारा ते पंधरा या वयातल्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा. साडेअकरा कोटींच्या बदलीत, बारा ते पंधरा अशी चार वर्षं मुलीला खेळवलेल्या गावच्या क्लबला एक टक्का, म्हणजे साडेअकरा लाख. अट एकच, त्या वर्षांत ती मुलगी त्या क्लबच्या नावावर महासंघाकडे रीतसर नोंदलेली हवी. नुसतं शाळेच्या हजेरीपटावर नाव असून चालत नाही. साडेअकरा लाखांत आमच्याकडच्या किती मुलींना किती वर्षं चेंडू, जाळी आणि बूट मिळतील, याचा हिशेब मी इथे मांडत नाही. ज्यांनी वर्गणी गोळा करून एक जाळी आणली आहे त्यांना तो मांडून दाखवावा लागत नाही.

आणखी एका गोष्टीवर थांबायला हवं, ती म्हणजे गुडघा. धावता धावता एकदम वळणं, एका पायावर उतरणं, हे फॉरवर्डचं रोजचं काम. त्यात गुडघ्याच्या आतला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटतो. मुलींमध्ये हे प्रमाण मुलांच्या दुपटीहून जास्त आहे, आणि तुटला तर शस्त्रक्रिया धरून नऊ महिने ते वर्ष जातं. नेदरलँड्सची व्हिव्हियान मिडेमा, इंग्लंडची बेथ मीड, ऑस्ट्रेलियाची सॅम कर, या साऱ्या नामांकित फॉरवर्ड २०२२ ते २०२४ या काळात याच दुखापतीने बसल्या. पण यावर स्वस्त उपाय आहे. फिफाने बनवलेला वीस मिनिटांचा अंग मोकळं करण्याचा व्यायाम: हळू धाव, एका पायावर तोल, बसून उठणं, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं. नॉर्वेत तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींवर त्याची चाचणी झाली, २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले, आणि दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. यंत्र लागत नाही, डॉक्टर लागत नाही. भेगाळलेल्या बांधीत खेळणाऱ्या मुलींना तर हे पहिल्या दिवसापासून शिकवायला हवं. आई-बापांचा नकार पुष्कळदा गुडघ्याच्या भीतीतून येतो, "पाय मोडला तर पोरीचं पुढं काय" या प्रश्नातून. त्या प्रश्नाला रागावून उत्तर देता येत नाही, हा वीस मिनिटांचा व्यायाम दाखवून देता येतं.

भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. तिथे हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये वस्तीतल्या पोरांना पावसात फुटकी बादली लाथाडताना पाहिलं आणि झोपडपट्टी फुटबॉल उभा केला. नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये त्यावर 'झुंड' काढला. लोकांना त्यातली अमिताभ बच्चन यांची भूमिका आठवते. मला बारसे सरांच्या कामातली एक साधी बाब मोठी वाटते. त्यांनी आधी निवड केली नाही, आधी सामने भरवले. चांगले खेळाडू सामन्यांतून आपोआप पुढे आले.

तेच लहान प्रमाणात आमच्याकडे होऊ शकतं, आणि त्यासाठी मोठं क्रीडासंकुल लागत नाही. एकट्या लाखनी तालुक्याचं बघा. पालांदूर, पोहरा, मुरमाडी, सालेभाटा आणि त्यांच्या आसपासची अशी आठ गावं घेतली, प्रत्येकी तेरा वर्षांखालील मुलींचा एक संघ. अकरा जणी जमल्या नाहीत तर सात-सात खेळवा, मैदान आखूड, चेंडू चार नंबरचा. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा आपल्या गावी, एकदा त्यांच्या गावी खेळायचं. आठ संघ, चौदा रविवार, छप्पन सामने. देशाच्या पहिल्या फळीच्या लीगमध्ये २०२४-२५ ला एका संघाला जेवढे सामने मिळाले, बरोबर तेवढे लाखनीच्या मुलीला मिळतील. कुणी पहिल्या फेरीत घरी जाणार नाही. हरलेल्या फॉरवर्डला पुढच्या रविवारी पुन्हा तीन फटके. जवळच्या गावाला शाळेत मिळालेल्या सायकलीवर जाता येतं, लांबच्याला एखाद्या बापाची पिकअप. पंच म्हणून वरच्या वर्गातली मुलगी. आणि एक वही, जिच्यात प्रत्येकीचं नाव, जन्मतारीख, किती मिनिटं खेळली, किती फटके, किती गोल हे लिहिलं जाईल. बाराव्या वर्षापासूनची अशी वही आणि सोबत रीतसर नोंदणी असेल, तर निवडीला येणाऱ्या माणसाला एका दुपारवर निर्णय टाकावा लागणार नाही.

धान घरी आलेला असतो. उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकायला अजून अवकाश असतो, परीक्षा लांब असते. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, आटोपल्या की पुढचा रविवार मोकळा असतो.